पुढचे ब्रेक पॅड बदलताना: जे सरकायला हवं, ते सरकतंय ना?

चाक काढायचं, दोन बोल्ट सोडायचे, जुने पॅड बाहेर, नवे आत, चाक परत जागेवर. पुढच्या डिस्क ब्रेकचे पॅड बदलण्याचं काम सांगायला एवढंच आहे, आणि हात बसलेला माणूस ते तासाभरात उरकतोही. तरीसुद्धा नवे पॅड टाकलेली गाडी काही महिन्यांत एका बाजूला ओढायला लागते, किंवा एक पॅड पत्र्यापर्यंत झिजतो आणि त्याचा जोडीदार जवळजवळ नवाच राहतो. अशा वेळी दोष सहसा पॅडला दिला जातो. खरं कारण बहुतेकदा पॅडच्या आजूबाजूला असतं: गंजलेला ब्रॅकेट (पॅड ज्या चौकटीत बसतात ती), अडकलेली पिन, अर्धवट मागे येणारा पिस्टन. म्हणून हे काम करताना पॅडपेक्षा पॅडच्या घराकडे जास्त लक्ष द्यायचं.

आत नक्की काय होतं

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधल्या ब्रेक ऑइलवर दाब येतो. तोच दाब नळ्यांतून कॅलिपरपर्यंत, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या भागापर्यंत, पोचतो आणि पिस्टनला बाहेर ढकलतो. बहुतेक गाड्यांच्या पुढच्या कॅलिपरमध्ये एकच पिस्टन असतो, तोही फक्त आतल्या बाजूला, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला. मग बाहेरचा पॅड कोण दाबतो? पिस्टन आतला पॅड डिस्कवर टेकवतो, चाकाबरोबर फिरणारी डिस्क बाजूला सरकत नाही, त्यामुळे उलट्या जोराने अख्खा कॅलिपर आतल्या बाजूला सरकतो आणि आपल्याबरोबर बाहेरच्या पॅडलाही ओढून डिस्कवर दाबतो. हे सरकणं ज्या दोन गुळगुळीत दांड्यांवर होतं, त्या म्हणजे स्लाइड पिन. पिन अडकल्या की कॅलिपर सरकत नाही, आणि सगळं काम एकटा आतला पॅड करत बसतो.

जोर किती असतो याचा अंदाज हवा असेल तर ५४ मिमी व्यासाचा पिस्टन घ्या. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २३ चौरस सेंटीमीटर. ऑइलचा दाब ५० बार असेल, तर पॅडवर पडणारा जोर एक टनाहून जास्त होतो. टायरमधली हवा साधारण सव्वादोन बार असते, हे आठवलं की ५० बार म्हणजे काय ते कळेल. उष्णतेचंही तसंच. १२०० किलोंची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवताना सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते, म्हणजे सव्वा लिटरहून जास्त साधं पाणी उकळीला आणण्याइतकी. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क उचलतात. पुढचे पॅड आधी झिजतात ते यामुळेच.

पेडल सोडल्यावर पिस्टन मागे ओढायला कोणतीही स्प्रिंग नसते, ही गोष्ट अनेकांना नवी वाटते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी सील असते. पिस्टन पुढे जाताना ती थोडी पिळवटते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरचा छोटासा अंश मागे खेचते. पॅड झिजत गेले की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो आणि तिथेच नवा मुक्काम करतो. म्हणून डिस्क ब्रेक आपोआप ॲडजस्ट होतो. पण पिस्टनवर गंज चढला, किंवा त्याचं धूळरोधक बूट फाटून आत पाणी गेलं, तर सीलच्या एवढ्याशा ताकदीला तो दाद देत नाही.

बदलायची वेळ

नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिमी असतो. तो ३ मिमीवर आला की पॅड मागवायचे, २ मिमीच्या खाली गाडी चालवायचीच नाही. मोजताना एक चूक हमखास होते: मागची लोखंडी पट्टीही जाडीत धरली जाते. ती पट्टी स्वतःच ५ मिमीच्या आसपास असते, त्यामुळे चाकाच्या आऱ्यांमधून डोकावून ‘अजून बराच माल आहे’ असं वाटतं आणि प्रत्यक्षात थर संपत आलेला असतो. शिवाय बाहेरून दिसतो तो बाहेरचा पॅड, आणि जास्त झिजलेला असतो तो बहुधा आतला. टॉर्च घेऊन दोन्ही बघा.

बऱ्याच पॅडना एक छोटी वाकडी पट्टी असते. थर संपत आला की ती डिस्कला टेकते आणि कर्कश चीं-चीं आवाज येतो. काही गाड्यांत वायरचा सेन्सर असतो, त्याचं टोक झिजलं की मीटरवर दिवा लागतो. खरखरीत, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येऊ लागला असेल तर पॅडची मागची लोखंडी पट्टीच डिस्कला लागलेली आहे, आणि आता डिस्कचाही खर्च जोडला गेला असं समजायचं.

ब्रेक ऑइलची पातळी खाली गेल्यामुळे दिवा लागला, तर लगेच बाटली उपडी करू नका. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्यामागची जागा ऑइलने भरते, त्यामुळे टाकीतली पातळी आपसूक उतरते. हिशेब करून बघा: दोन्ही पॅड प्रत्येकी ९ मिमी झिजले तर पिस्टन १८ मिमी बाहेर येतो, म्हणजे एका बाजूला सुमारे ४० मिली आणि दोन्ही मिळून ८० मिली. झिजलेल्या पॅडवर टाकी काठोकाठ भरली, तर नवे पॅड टाकताना तेच ८० मिली उलटून बॉनेटखाली सांडतं. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा. पॅड जाड असूनही पातळी उतरत असेल, तर मात्र गळती शोधायची.

सामान

पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलतात, म्हणजे चार नगांचा संच. एकाच बाजूचे बदलले तर दोन चाकांवर वेगळी पकड मिळते आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग खेचतं. पॅडच्या कडेवर छापलेल्या आकड्यांच्या शेवटी इंग्रजी अक्षरांची जोडी असते, जसं एफएफ किंवा जीजी. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यानंतरच्या घर्षणाचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. गाडीसोबत आलेल्या पॅडवर जी जोडी असेल तीच घेणं शहाणपणाचं. ऑरगॅनिक पॅड शांत आणि डिस्कला मऊ असतात, सेमी-मेटॅलिक उष्णता चांगली सोसतात पण आवाज आणि काळी पूड जास्त करतात, सिरॅमिक पॅडची पूड कमी आणि फिकट असते. रोजच्या गाडीला ‘रेसिंग’ लिहिलेले पॅड घेऊ नयेत. ते तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, आणि रोजच्या चालवण्यात ते क्वचितच तेवढे तापतात.

पॅडबरोबर ब्रॅकेटमधल्या पत्र्याच्या क्लिपांचा संचही नवा घ्या. त्याशिवाय लागतं ते असं: जॅक आणि दोन जॅक स्टँड, चाकाचा पाना, १२ ते १७ मिमीपर्यंतचे सॉकेट आणि रिंग पाने (काही युरोपियन गाड्यांना ७ मिमीची ॲलन की), मोठा सी-क्लॅम्प, वायर ब्रश, बारीक कानस, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, कॅलिपर टांगायला जाड तार आणि टॉर्क रेंच. ग्रीस मात्र निवडून घ्यायचं. रबराला चालणारं, सिलिकॉनचं किंवा खास ब्रेकसाठी बनवलेलं उष्णतारोधक ग्रीस हवं. बेअरिंगला लावतात ते साधं ग्रीस पेट्रोलियमचं असतं. त्याने ब्रेकमधलं रबर फुगतं आणि पिन जागीच जखडते. मास्क घाला. पॅडची पूड हवेच्या झोताने उडवायची नाही, ती क्लीनरने ओली करून पुसायची. जुन्या काळच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आताच्या पुडीलाही फुफ्फुसात जागा नाही.

चाक काढण्यापर्यंत

सपाट, टणक जमीन. हँडब्रेक ओढायचा, गिअर टाकायचा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. (हँडब्रेक जवळजवळ सगळ्या गाड्यांत मागच्या चाकांवर चालतो, सुरुवातीच्या साब ९००सारख्या मोजक्या जुन्या गाड्यांत तो पुढच्या चाकांवर असे. तिथे सगळी भिस्त ठोकळ्यांवर.) चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-पाऊण फेरा ढिले करा. मग जॅक, आणि जॅकनंतर लगेच स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातही घालू नये. या कामात बोल्ट सोडवताना गाडीला बऱ्यापैकी हिसके बसतात, आणि जॅक सरकायला तेवढं पुरतं.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली की कोणती क्लिप कुठे होती याचा नमुना समोर असतो. फोटो काढणं उत्तम, पण आरशातल्यासारखी उलटी का होईना, खरी वस्तू जवळ असण्याची सोय वेगळीच.

स्टिअरिंग कामाच्या बाजूला वळवलं की कॅलिपरचे मागचे बोल्ट समोर येतात. स्लाइड पिनचे दोन बोल्ट लहान असतात, ब्रॅकेटचे दोन मोठे. पॅडसाठी फक्त लहान बोल्ट सोडायचे, आणि बऱ्याच गाड्यांत खालचा एक काढला की कॅलिपर वरच्या पिनवर बिजागरीसारखा वर उचलता येतो. बोल्टबरोबर पिनही गोल फिरू लागली तर तिला पातळ पान्याने धरा. दोन्ही बोल्ट काढले असतील तर कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत सोडला तर होज बाहेरून धड दिसते आणि आतून फाटते. कॅलिपर सुटा असताना कुणीही पेडलला पाय लावायचा नाही, नाहीतर पिस्टन बाहेर पडतो आणि तासाभराचं काम दिवसभराचं होतं.

जुने पॅड वाचा

काढलेले चारही पॅड लगेच कचऱ्यात टाकू नका. ज्या जागी होते त्याच क्रमाने जमिनीवर मांडा. ब्रेकचा आजवरचा सगळा इतिहास त्यांच्यावर असतो.

आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजलेत, फार तर एखाद-दोन मिमीचा फरक आहे: ठीक. आतला बराच जास्त झिजलाय: एक तर स्लाइड पिन अडकल्या आहेत, किंवा पिस्टन नीट मागे येत नाही. बाहेरचा जास्त झिजलाय: ब्रेक सोडल्यावर कॅलिपर मागे सरकत नाही, पिन किंवा बाहेरच्या पॅडची जागा जाम आहे. एकच पॅड पाचरीसारखा, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ: एक पिन अडकलेली आहे, किंवा पॅडचा एक कान (लोखंडी पट्टीचं ब्रॅकेटमध्ये बसणारं टोक) रुतलाय. डाव्या चाकाचे दोन्ही पॅड उजव्यापेक्षा कितीतरी पातळ: त्या बाजूचा कॅलिपर ब्रेक सोडतच नाही, किंवा होज आतून फुगून ऑइल परत येऊ देत नाही. थराला भेगा आणि चकाकणारा काचेसारखा पृष्ठभाग: पॅड फार तापलेत. पॅड तेलकट असेल तर ग्रीस किंवा ऑइल कुठून आलं ते सापडेपर्यंत नवा पॅड घालायचा नाही.

यातली कोणतीही खूण दिसली आणि तुम्ही नुसते पॅड बदललेत, तर नवे पॅडही त्याच पद्धतीने झिजणार.

डिस्कही आत्ताच बघून घ्या. तिची किमान जाडी तिच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कोरलेली असते. मोजायला मायक्रोमीटर वापरा, तोही डिस्कच्या मधल्या पट्ट्यात चार-पाच ठिकाणी. साधा व्हर्निअर कडेच्या न झिजलेल्या उंचवट्यावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. किमान जाडीच्या खाली गेलेली, कडेपर्यंत भेग गेलेली किंवा नखाला जाणवतील असे खोल चर पडलेली डिस्क बदलावी. नवी डिस्क घातलीत तर तिच्यावरचा गंजरोधक तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पूर्ण उतरवा, आणि बसवण्याआधी हबचा, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाचा, गंज वायर ब्रशने काढा. हबवर राहिलेला गंजाचा एक खवला डिस्क वाकडी बसवायला पुरेसा असतो. डिस्क फिरताना किती डोलावी याची मर्यादा बहुतेक गाड्यांत ०.०५ ते ०.१ मिमी इतकीच असते, म्हणजे कागदाच्या जाडीएवढी.

खरं काम: घासणं आणि ग्रीस

ब्रॅकेटमधल्या चारही क्लिपा उचकटा. त्यांच्याखाली गंज धरलेला असतो, तो फुगतो आणि क्लिपेला वर उचलतो. मग पॅडच्या कानाला मिळणारी फट अरुंद होते. पॅड आत जायला कुरकुरतो, हातोडीचे दोन ठोके दिले की जातो, आणि माणूस समाधानाने पुढे सरकतो. महिन्याभराने तोच पॅड तिथे घट्ट बसलेला असतो आणि सतत डिस्कला घासत राहतो. वायर ब्रशने, गरज पडल्यास कानशीने, लोखंड उघडं दिसेपर्यंत ही जागा साफ करा. गंज काढायचा, लोखंड कापायचं नाही. मग नव्या क्लिपा पूर्ण टेकतील अशा बसवा.

आता कसोटी. नवा पॅड बोटांनी आत घाला आणि पुढे-मागे करा. तो अडथळ्याशिवाय सरकला पाहिजे, पण वरखाली खुळखुळता कामा नये. हातोडीची गरज भासली तर आधी ब्रॅकेटकडे परत जा. तरीही अडकत असेल तर पॅडच्या कानावर रंगाचा थेंब सुकलेला आहे का ते पाहा, असेल तर हलक्या हाताने खरवडा.

पिन बाहेर काढा. वरची आणि खालची पिन पुष्कळदा वेगळी असते. एकीच्या टोकाला रबरी बाही किंवा चपटा भाग असतो, आणि ती कोणत्या बाजूला होती हे लिहून ठेवायला हवं. अदलाबदल झाली तर कॅलिपर तिरका चालतो. जुनं ग्रीस पुसा, भोकातलंही काढा. पिनवर गंजाचे खड्डे असतील तर पॉलिश पेपरने घासून वेळ मारून नेऊ नका, नवी घ्या. फाटलेलं बूटही बदलायचं, कारण पाणी तिथूनच शिरतं. ग्रीस पातळ थरात लावा. सढळ हाताने भोक भरून टाकलं तर पिन दट्ट्यासारखी होते: ढकलली की आत जाते, सोडली की फुसकन बाहेर येते, आणि तोच दाब कॅलिपरला नीट बसू देत नाही. आत हवा कोंडली असेल तर बूटची कड बोटाने जराशी उचलून ती काढा.

ग्रीस आणखी कुठे? पॅडच्या कानांना क्लिपेशी टेकतात तिथे, आणि मागच्या पट्टीवर पिस्टन आणि कॅलिपरची बोटं (बाहेरचा पॅड दाबणारे भाग) जिथे टेकतात तिथे, नुसता हात फिरवल्यासारखं. पॅडच्या पाठीवर रबराचा किंवा चिकट थर दिलेली शिम (पातळ पत्रा) आधीच असेल तर तिथे काहीच नको. घर्षणाच्या थराला किंवा डिस्कला ग्रीसचं बोट लागलं तर डिस्क क्लीनरने धुता येते. पॅडमध्ये तेल मुरलं की तो वाया गेला असं समजा.

पिस्टन आत ढकलणं

ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण ढिलं करा, भोवती फडकं गुंडाळा, पातळी वरच्या खुणेजवळ असेल तर सिरिंजने थोडं ऑइल आधीच काढून घ्या. पिस्टनवर जुना पॅड ठेवून सी-क्लॅम्प सावकाश आवळा. घाई केली की ऑइल जोरात उलटतं. कॅलिपरला दोन पिस्टन असतील तर दोन्ही एकदम दाबावे लागतात, नाहीतर एक आत जाताना दुसरा बाहेर येतो. पुढचा पिस्टन सरळ दाबायचा असतो. फिरवत आत घालावे लागतात ते हँडब्रेकची यंत्रणा पोटात असलेले मागचे पिस्टन, आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर त्याला आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावं लागतं. तो वेगळा विषय.

हाताच्या साध्या जोराने पिस्टन हलत नसेल तर क्लॅम्पला लांब पाइप लावू नका. कॅलिपरवरचं ब्लीडिंग निप्पल (हवा आणि ऑइल बाहेर काढायचं छोटं तोंड) नळी लावून पाव फेरा उघडा आणि पुन्हा दाबा. आता पिस्टन सहज गेला, तर दोष कॅलिपरमध्ये नाही. होज आतून बंद झाली आहे किंवा अडथळा तिच्याही मागे आहे. तरीही हलला नाही, तर पिस्टन जखडलाय, आणि कॅलिपर दुरुस्त केल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय पॅड घालण्यात अर्थ नाही. निप्पल बंद करूनच क्लॅम्पचा दाब सोडायचा, नाहीतर हवा आत ओढली जाते. निप्पल उघडलं असेल तर शेवटी त्या चाकाची एअर काढा.

काळपट ऑइल उलटं ढकलून एबीएसच्या बारीक झडपांकडे पाठवणं बरं नव्हे, म्हणून काही मेकॅनिक प्रत्येक वेळी निप्पल उघडूनच पिस्टन दाबतात. ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर त्याच दिवशी सगळं ऑइल बदलणं, हा त्याहून चांगला मार्ग. डॉट ३ आणि डॉट ४ ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पेडल तळाला जातं. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे, ते यात मिसळायचं नाही. नाव जवळचं असलं तरी डॉट ५.१ वेगळं, ते डॉट ४च्याच जातीचं.

जोडणी

पॅड घाला. थर डिस्ककडे, पत्रा बाहेर. हे लिहावं लागतं, कारण उलटे पॅड बसवलेल्या गाड्या गॅरेजमध्ये खरोखरच येतात. आवाज करणारी पट्टी बहुधा आतल्या पॅडला असते, ती जुन्या पॅडला ज्या टोकाला होती त्याच टोकाला ठेवा. पॅडवर बाण असेल तर तो पुढे जाताना डिस्क फिरते त्या दिशेने.

कॅलिपर खाली आणा. तो पॅडवर बसत नसेल तर पिस्टन अजून पुरता आत गेलेला नाही. होजला पीळ पडलेला नाही हे बघा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ती कुठे घासत नाही याचीही खात्री करा. बोल्ट आधी हाताने आट्यांत धरा, मग टॉर्क रेंच. स्लाइड पिनचे बोल्ट साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटर, ब्रॅकेटचे सोडले असतील तर बऱ्याच गाड्यांत ८० ते १२०, चाकाचे नट १०० ते १२०. तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा वेगळा असेल तर तोच खरा. ३० न्यूटन-मीटर म्हणजे १५ सेंटीमीटरच्या पान्यावर २० किलोंचा जोर, त्यामुळे लहान बोल्ट अंगातली ताकद लावून आवळले की आटे जातात. चाकाचे नट समोरासमोरचे असे आलटून-पालटून घट्ट करायचे आणि शेवटचा टॉर्क चाक जमिनीवर आल्यावर द्यायचा.

मग इंजिन सुरू करण्याआधी पेडल. पिस्टन आत ढकललेला आहे, पॅड आणि डिस्कमध्ये फट आहे. पहिल्या काही दाबांत पेडल सरळ तळाला जाईल. या अवस्थेत गाडी काढली तर ती समोरच्या भिंतीला लागल्यावरच थांबेल. छोटे-छोटे दाब द्या, पेडल टणक होईपर्यंत. तळापर्यंत खचकन दाबू नका, कारण मास्टर सिलिंडरचा तो टोकाचा भाग एरवी वापरात येत नाही, तिथला गंज सीलला ओरखडे पाडतो. पेडल टणक झालं की टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आणा, झाकण लावा. आता इंजिन सुरू केल्यावर पेडल पायाखाली थोडं खाली जातं आणि तिथे थांबतं, ते पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचं काम आहे. हळूहळू खालीच जात राहिलं तर गाडी जागची हलवायची नाही.

नवे पॅड डिस्कशी जुळवणं

पहिले काही दिवस पकड थोडी कमी वाटते. पॅडच्या थराचा पातळ लेप डिस्कवर एकसारखा चढला की ती भरून येते. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत, मध्यम जोराने, दहाएक वेळा वेग उतरवा. दर वेळी अर्धा मिनिट तरी गाडी चालू द्या म्हणजे डिस्क निवेल. यात पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवायचं नाही, कारण तापलेला पॅड एकाच जागी दाबून राहिला की तिथे त्याचा ठसा उमटतो आणि पुढे ब्रेक लावताना पेडल थरथरतं. शेवटी चार-पाच किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा. पॅडच्या खोक्यात कंपनीची वेगळी पद्धत दिली असेल तर तीच धरा. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर, जीवावर बेतल्याशिवाय, कचकन ब्रेक टाळा.

घरी आल्यावर चाकांजवळ हात न्या, लावू नका. एका चाकाची धग दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त असेल तर त्या बाजूला काहीतरी अडकून राहिलंय. पेडल स्पंजासारखं मऊ असेल तर हवा शिरली आहे. चीं आवाज येत असेल तर क्लिपा आणि शिम पुन्हा तपासा. हा आवाज म्हणजे पॅडची थरथर, ती बहुधा कोरड्या किंवा सैल बसलेल्या टेकूमुळे होते.

स्टिअरिंग थरथरलं की ‘डिस्क वाकली’ असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. किंचित वाकडी बसलेली डिस्क ब्रेक न लावतासुद्धा दर फेऱ्याला पॅडला एकाच जागी चाटून जाते, ती जागा हजारो किलोमीटरमध्ये हळूहळू पातळ होते, आणि मग थरथर सुरू होते. म्हणजे आज हबवर सोडलेला गंज काही महिन्यांनी पायाला कळतो. मधल्या काळात एक काम राहतं: साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा एकदा तपासायचे, आणि गाडी थंड असताना ऑइलची पातळी बघायची.